अर्धा कोंबडा तुमचा

ती. सरजाआत्यास,

झरीहून तुमचा भाचा रामप्रसाद याचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? सुनेशी बोलणे सुरू झाले का? (फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. म्हणून वालूरला निघालेल्या मुंजाजीच्या खिशात हे पत्र घातले आहे.) 'रविवारी येते, मसाला वाटून ठेवा' हा तुमचा निरोप मिळाला. त्याच बाबतीत लिहीत आहे.

तुम्ही अर्धलीने अंडी दिली होती. अंडी तुमची, उबवणे आणि चारापाणी आमचे, पिल्ले निम्मी-निम्मी. आमची काळी कोंबडी खुडूक झालीच होती. तिला टोपलीत तुमच्या अंड्यांवर बसवले आणि मोटार दुरुस्त करायला परभणीला गेलो. घरात कोणाला सांगितले नाही, बायकोलाही नाही. (सांगायला हवे होते, हे मला नंतर पुष्कळ वेळा सांगण्यात आले.) मनकर्णाने पाहिले की कोंबडी खुडूक बसली आहे. अंडी घालायचे सोडून बसणाऱ्या कोंबडीला आपल्याकडे जे करतात तेच तिने केले. हौदात बुचकळली. कोंबडी झटकन भानावर आली. त्यानंतर ती त्या अंड्यांकडे परक्या घरच्या भांड्यांकडे पाहावे तशी पाहू लागली.

मग मी टोपलीत सरकी पसरली आणि वर बल्ब लावला. पण आमची लाइट तुम्हाला माहीत आहे. लाइट गेली की अंडी दस्तीत गुंडाळून पोटाला बांधायची, वरून सदरा. मनकर्णा म्हणाली, "पोट सुटलंच होतं, आता कामाला आलं." अशा पोटाने मी जेवलो, झोपलो (उताणा), एका साखरपुड्याला जाऊन आलो. यजमानांनी पोटभर मिठी मारायचे ठरवले होते. मी हात जोडून मागे मागे सरकत थेट मांडवाबाहेर गेलो.

पुढे ग्रामसभा आली. पांदणीच्या रस्त्याचा ठराव होता आणि तो मीच मांडला होता. हात वर करायची वेळ आली तेव्हा माझा एक हात पोटाखाली, दुसरा पोटावर. मी नुसती मान हलवली. "रामप्रसाद, पोट दुखायलंय का?" कोणीतरी विचारले. एवढ्यात माझ्या सदऱ्यातून चिवचिव सुरू झाली. सरपंच बुद्धभूषण ओरडले, "मोबाइल बंद करा रे! कोणाचा हाय?" मी म्हणालो, "माझा हाय, पण बंद व्हायना." ठराव एका मताने पडला. पिल्लू मात्र जगले.

आत्या, तेवढे एकच. बाकीची अंडी मुकीच राहिली. आणि ते एक कोंबडा निघाले. त्याला आम्ही जमादार म्हणतो. डोळे उघडले तेव्हा त्याने पहिल्यांदा मला पाहिले, त्यामुळे आई कोण याविषयी त्याचा पक्का समज झाला आहे. लहानपणी त्याला मी बांधावरच्या वारुळातली उधई खणून आणून चारली. (मनकर्णाचे म्हणणे, पोरांना एवढ्या हौसेने कधी बिस्किटाचा पुडा आणला नाही.) आता त्याला भिजवलेली ज्वारी लागते, टरबूज लागते, शेंगदाणे सोलून लागतात. मी दाढीला गेलो की तो शेजारच्या खुर्चीत बसतो. न्हावी त्यालाही फडके गुंडाळतो.

तर वाटणी. एकाचे अर्धे कसे करतात ते मी जाणतो, आणि तुमचा निरोपही तेच सांगतो. पण तुमच्या भल्यासाठी लिहितो: हा कोंबडा खाण्यालायक नाही. दिवसभर माझ्यामागे हिंडून नुसत्या शिरा उरल्या आहेत. तुमचे दात पाहता मला काळजी वाटते. शिवाय रागीट आहे.

मुलांना आशीर्वाद. कळावे.

तुमचा,
रामप्रसाद

ता. क. तो रागीट नाही. पाट्यावर मसाला वाटायला घेतला की तो जवळ येऊन बसतो, कारण खोबऱ्याचा तुकडा त्याला मिळतो. रविवारीही तो तसाच येऊन बसेल. म्हणून आत्या, तुमचा अर्धा माझ्याकडे राहू द्या. मी बाजारातून दुसरा आणतो, आख्खा तुम्हीच खा.

ता. क. आत्याबाई, मी मनकर्णा. मुंजाजीला थांबवून पत्र वाचलं. ह्यांचं काई खरं धरू नका. शिरा-बिरा न्हाईत, शेंगदाणे खाऊन लय मऊ झालाय. पण कापू नका. कापला तर हे जेवणार न्हाईत, अन् मग मलाच समजूत घालावी लागंल. तुमी रविवारी या अन् दोघांनाबी घेऊन जा. पंधरा दिवस तुमच्याकडं, पंधरा दिवस माझ्याकडं. झाली अर्धल. अन् उबवायची अंडी काढून ठेवा. पोट अजून हाय तसंच हाय.