पिशोरचा गठ्ठा

१२ जानेवारी २०२५

पिशोरला जाऊन आले. आबा सकाळपासून सोलरच्या प्लेटा धूत होते — एका हातात पाण्याचा कॅन, दुसऱ्या हातात जुनं धोतर. मुरमाड रानात प्लेटा उभ्या राहून चौदा महिने झाले, अजून तार जोडलेली नाही. मग धुऊन उपयोग काय? "आपल्याकडून कमी नको," म्हणे! हट्टाला औषध नाही. माझेच वडील.

१३ जानेवारी

वीज मंडळाच्या ऑफिसात जोडणीची यादी माझ्याच टेबलावर असते. गावच्या सबस्टेशनात आणखी एकाच प्रकल्पाची वीज मावते. पहिला नंबर एका कंपनीचा — जागा अडवून बसलेत, साधा खांब रोवलेला नाही. दुसरा आबांचा. नंबर लागला की पंधरा दिवसांत जोडणी.

आई फोनवर म्हणाली, "सुले, दोनाचा एक करायला कितीक टाइम लागतो गं?"

एक मिनिट लागतो. त्याचीच भीती वाटते.

१५ जानेवारी

पिशोरच्या फायलींचा सगळा गठ्ठा सुतळीनं बांधून सर्जेराव साहेबांना देऊन टाकला. म्हटलं, वडिलांचं प्रकरण आहे, मी हात लावणार नाही. त्या गावचं टपालही तुमच्याकडंच येऊ द्या. "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत, मॅडम!" — साहेब. गठ्ठा कपाटात गेला.

ताठ मानेनं घरी आले. खोटं कशाला लिहू, स्वतःचं कौतुकच वाटलं.

२२ फेब्रुवारी

आबांना घाटी दवाखान्यात भरती केलं. लिव्हर. जन्मात दारूला न शिवलेला माणूस! डॉक्टर नीट बोलत नाहीत. नुसतं "बघू" म्हणतात.

२ मार्च

आज शुद्धीवर होते. "आपली लाईट कवा जाणार गं तारंत?" मग स्वतःच हसले. "नंबर सरकवू नको हां. लई लोकांनी आपल्याला मागं सरकवलं. आपण कुणाला नाय सरकवायचं."

बाहेर जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

११ मार्च

आबा गेले.

३० मार्च

पिशोर. आई प्लेटा धूत होती, त्याच धोतरानं. मी कॅन धरला. शेवटच्या रांगेपाशी आई म्हणाली, "तिकडून घास. त्येंना डाग चालत नव्हता."

८ एप्रिल

सर्जेराव साहेबांची बदली झाली. कपाट रिकामं केलं, गठ्ठा परत माझ्या टेबलावर आला. सुतळीची गाठ मी मारलेली, तशीच. वर न फोडलेलं एक पाकीट खोचलेलं.

फोडलं. त्या कंपनीचं पत्र — प्रकल्प रद्द, आमचा नंबर सोडत आहोत.

पाकिटावर आवकचा शिक्का २० जानेवारीचा. तेव्हा आबा रोज पायी रानात जात होते.