तिथीची पाऊणपट

६ ऑक्टो., सोम. कोजागरी
दुपारी जेवायला बसलो होतो, तेवढ्यात ऋतूचा फोन. इकडचं तिकडचं बोलून सहज म्हणाली, "आई, आज रस्त्यावर पाणी आलंय, निलेश पलीकडंच अडकलाय."
पोरीचा नववा महिना भरत आलाय. सासर खाडीच्या टोकाला, दवाखाना पलीकडच्या काठाला, आणि मध्ये तो एकच फरशी पूल. आणि ही हसत सांगते पाणी आलं! पाणी येणं म्हणजे काय ते मला विचारा. उजनी भरली की आमच्या खालच्या रानात पाणी चढतं, ते उन्हाळ्याशिवाय हलत नाही. मी ओरडलेच, "मग आता काय शिमग्यापर्यंत तिकडंच बसणार का तू?" तिला काही कळेना. फोन कट झाला.
आबा खाटेवरून ऐकत होते. सासऱ्यांचं गाव धरणात गेलेलं, त्यामुळं पाण्याचा विषय निघाला की ते गप्प बसत नाहीत. "आमाला बी सायेब म्हनलं व्हतं, वाईच येईल, घाबरू नगा. आल्यालं पानी माघारी गेल्यालं मी तरी बगितलं न्हाय."
दूध आटवलं, पण मी प्याले नाही.

७ ऑक्टो., मंगळ.
काल संध्याकाळीच निलेश घरी पोचला होता. दोन तासांत पाणी उतरलं म्हणे! ऋतूनं घरभर सांगून टाकलं असणार, कारण आज विहीणबाईंचा फोन आला आणि सुरुवातच हसून. "ताई, आमचं पाणी येतं नि जातं हो. दिवसातनं दोनदा येतं, दोनदा जातं. पुनव-अवसेला जरा जास्त येतं, तेव्हा पूल बुडतो. आम्ही थांबतो. इतकंच."
इतकंच! यांना सांगितलं तर हे पेरूच्या क्रेटवरून मान वर न करता, "आगं, तितं मानसं राहत्यातच की." माणसं राहतात. माझी पोर तिथली नाही.

९ ऑक्टो., गुरु.
पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. सातव्या महिन्यात आणायला गाडी काढलीच होती. डॉक्टर म्हणाले वार खाली आहे, घाट चढू नका. नंतर वार वर सरकली, पण तोवर दिवस भरत आले. आबांचा खुबा मोडलेला, त्यांना उठवायला-बसवायला मीच. त्यामुळं मी इथं, पोर तिथं, आणि मध्ये सगळा सह्याद्री.
मोबाईलमध्ये भरती-ओहोटीचं ॲप घेतलं. ते आधी म्हणालं, तुमच्याजवळ समुद्र नाही. एवढं मला ठाऊक होतं.

१० ऑक्टो., शुक्र.
विहीणबाईंनी गणित शिकवलं. ॲप नको, कालनिर्णय बघा म्हणाल्या. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, मग दुपारी तीनला भरती आणि पहाटे तीनलाही. त्यांच्या खाडीत आत पोचायला आणखी थोडा वेळ. तिथून सहा तासांनी ओहोटी. आज चतुर्थीच. तीनला ऋतूला फोन करून विचारलं, कुठवर आलंय? "अगं, अगदी पायरीला लागलंय!" मला उगीच बरं वाटलं. वेळ माहीत असलेल्या गोष्टीची भीती थोडी कमी वाटते.
थोडीच.

१२ ऑक्टो., रवि.
आज माझी फजिती. सकाळी निलेशचा मेसेज, "आई, डॉक्टरांची तारीख भांगात येते, काळजी नसावी."
आमच्याकडं भांग एक तर केसांत असतो, नाही तर पेल्यात. केसांचा काही संबंध लागेना. यांना विचारलं, "जावई घेतो का हो?" हे म्हणाले, "शाळंतला मास्तर हाय. घेत आसला तरी आपल्याला मेसेज करून सांगंल व्हय?" तरी अर्धा दिवस डोकं तेच. शेवटी ऋतूला आडून आडून विचारलं. ती इतकी हसली, इतकी हसली की मी घाबरले, म्हटलं आता कळाच सुरू होतील, गप्प बस.
अष्टमीच्या आसपास भरतीला जोर नसतो. तिला ती माणसं भांगाची भरती म्हणतात. पूल उघडाच राहतो. तारीख १४, म्हणजे अष्टमी. देवानंच बघून दिलेली तारीख.

१४ ऑक्टो., मंगळ.
आज. आज व्हायला पाहिजे होतं.
खाडी गप्प आहे म्हणे, पुलाखाली पोरं खेकडे धरतायत. सकाळपासून फोन कमरेला. गोठ्यातही नेला. काही नाही. पोट दुखतंय का? नाही. कंबर? नाही. "आई, तू दर तासाला विचारलंस तर मला दुसरं काहीतरी दुखेल."

१५ ऑक्टो., बुध.
काही नाही. कालच्यापेक्षा पाणी वीतभर वर. विचारल्याशिवाय विहीणबाई सांगत नाहीत, म्हणून मी विचारते.

१६ ऑक्टो., गुरु.
ऋतू डॉक्टरांकडं जाऊन आली. बाळ चांगलं. बीपी जरा वर. रविवारपर्यंत वाट बघू, नाही झालं तर सोमवारी भरती व्हा.
"भरती व्हा" ऐकून अंगावर काटाच आला. शब्द तरी दुसरा वापरायचा.
सोमवार म्हणजे नरक चतुर्दशी. मंगळवारी अमावस्या, लक्ष्मीपूजन. दिवस जातोय तसं पोरीचं पोट खाली उतरतंय आणि पाणी वर चढतंय. दोघांची गाठ अवसेला पडणार असं माझ्या मनानं घेतलंय. यांना बोलले तर म्हणाले, "तुझं मन लई शिकल्यालं हाय."

१७ ऑक्टो., शुक्र. वसुबारस
गाय-वासराची पूजा केली. वासराला चाटत होती गाय, बघून रडू आलं. बायका म्हणाल्या धूर गेला डोळ्यांत.
टीव्हीवर सांगितलं, अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा. इथं तर आभाळ कोरडं ठणठणीत, पेरूचे व्यापारी भिगवणहून गाड्या घेऊन आलेत. कमी दाब म्हणजे नक्की काय, हे कुणाला विचारू?

१८ ऑक्टो., शनि.
निलेशचा मेसेज : बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला. होड्या समुद्रात न्यायच्या नाहीत. गेलेल्या परत येतायत.
मी लगेच फोन लावला. "आजच्या आज हलवा तिला. दवाखान्याजवळ खोली घ्या, धर्मशाळेत राहा, कुठंही राहा." निलेश म्हणाला, दिवाळीचं कुठं काही मोकळं नाही, पण बघतो. व्याही पूर्वी होडीवर तांडेल होते, समुद्रात आयुष्य गेलं. ते मागून म्हणाले, "त्यांना सांग, वारा लांब आहे अजून."
लांब असला तरी आहे ना.

१९ ऑक्टो., रवि.
खोली मिळाली. मी म्हटलं आज दुपारी पाणी उतरलं की निघा. सगळे तयार होते. तेवढ्यात विहीणबाई फोनवर आल्या. आवाज अगदी मऊ. "ताई, तिची आमच्या घरातली ही भरल्या पोटाची दिवाळी. उद्या पहाटे उटणं लावते, डोक्यावरून पाणी घालते, ओवाळते नि पाठवते. पहाटे ओहोटीच आहे. चौदाची पाऊणपट साडेदहा, तेव्हा भरती. सहाला पूल कोरडा ठक्क असणार."
मी पण बोटं मोजून बघितली. बरोबर येत होतं. शिवाय माझ्या पोरीला कुणी एवढ्या मायेनं न्हाऊ घालणार, मी नाही कसं म्हणू? माहेरी असती तर मीच घातलं असतं. "घाला," म्हणाले.
आबांना अंघोळ घालताना भरला तांब्या धरून तशीच थांबले. ते म्हणाले, "का गं, पानी गार हाय का?"

२० ऑक्टो., सोम. नरक चतुर्दशी
ओहोटी झालीच नाही.
म्हणजे झाली, पण पाणी उतरलं नाही. पहाटेपासून समुद्राकडून वारा सुटलाय आणि त्यानं खाडीतलं पाणी आत दाबून धरलंय. तिथी बरोबर, पाऊणपट बरोबर, आणि सहाला पुलावर गुडघाभर पाणी. ओल्या केसांची पोर गाडीत बसून तासभर वाट बघत राहिली. मग भरती चढायला लागली. माघारी फिरले. साडेदहानंतर लाटा पुलावरून उड्या मारत होत्या आणि मधली फरशी खचली. आता पाणी उतरलं तरी गाडी जायची नाही.
विहीणबाई फोनवर नुसत्या रडतायत. "असं कधी होत नाही हो ताई. इतक्या वर्षांत..." मला त्यांचा राग यायला पाहिजे होता. आला नाही. दोघींनी मिळून मोजलं होतं.
हे लगेच पेरूची पिकअप घेऊन निघाले. पलीकडच्या काठावर गाडी तयार असावी म्हणून. फराळाचा डबा दिला, तो तसाच ओट्यावर राहिला.
संध्याकाळी पोचले. म्हणाले, "पार पान्याच्या कडंला लावलीय गाडी. होडी आली की चार पावलांत आत."
ऋतूला अजून कळा नाहीत.

२१ ऑक्टो., मंगळ. अमावस्या
स. ७
पिकअप बुडाली. हे त्यांच्या सवयीनं पाण्याच्या कडेला गाडी लावून जवळच्या घराच्या ओसरीवर झोपले. आमच्या उजनीवर तसंच करतात, रात्री जिथं पाणी असतं तिथंच सकाळी. हे गेले तेव्हा ओहोटी होती. रात्रीच्या भरतीनं बॉनेटपर्यंत आलं. सकाळी इंजिन चालूच होईना. तिथले लोक म्हणाले, "अहो पाटील, इथं गाडी लावतात का?" यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. "माज्या ध्यानातच आलं न्हाय गं. पानी उटून गाडीपातूर येईल आसं वाटलंच न्हाय."
मला माहीत होतं. तिथी, पाऊणपट, सगळं मी शिकले आणि यांना एक वाक्य सांगितलं नाही.

स. ९
कळा सुरू. पाठीतून येतायत म्हणाली. गावातली नर्स तिच्याजवळ आहे. बीपी वाढलंय, थांबू नका म्हणते. ॲम्ब्युलन्स पलीकडच्या काठावर येण्यासाठी निघालीय.

स. १०
व्याह्यांचा फोन. पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलले. "ताई, भरती संपून ओहोटी लागायच्या आत पाणी थोडा वेळ जागेवर उभं राहतं. ओढ नसते. तेवढ्यात होडीनं खाडी पार करतो. वारा आहे, तो आहेच. पण पोर तुमची पण आहे. तुम्ही हो म्हणालात तर नेतो."
मी विचारलं, नाही म्हणाले तर?
"तर इथंच होईल जे व्हायचं ते."
ऋतूला पोहता येत नाही. मलाही येत नाही. उजनीच्या काठावर जन्म काढला आणि लेकीला काठावरून मागं ओढत आले, पाण्यात जाऊ नकोस म्हणत. मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर पुन्हा लावला, नाही म्हणायला. लागला नाही.

स. ११
ऋतू दोन मिनिटं बोलली. मध्ये कळ आली तेव्हा थांबली. "आई, तू काहीतरी बोल." म्हटलं, चकल्या खुसखुशीत झाल्यात. म्हणाली, "ठेवून दे माझ्यासाठी." मग निलेशनं फोन घेतला, आता बसतोय म्हणाला. व्याही, निलेश, ऋतू, नर्स आणि एक वल्हवणारा, अशी पाच माणसं.
गावात फटाके वाजतायत. प्रत्येक आवाजाला जीव उडतो. शेजारची विचारून गेली, झेंडूची फुलं हवीत का?

दु. १२
यांचा फोन चालू आहे, स्पीकरवर, वहीशेजारी. आमच्या स्वयंपाकघरात समुद्राचा वारा वाजतोय. लिहिते, कारण हाताला काहीतरी पाहिजे.
"काय दिसतंय?"
"काय न्हाय आजून. पानी उबं राह्यलंय मातर. काडी टाकून बगितली, जागची हालत न्हाय."
"ॲम्ब्युलन्स?"
"आली. मागं उबी हाय."
आबा खाटेवर उठून बसलेत. आपले आपणच. कसे बसले कळलं नाही.
"दिसली! होडी दिसली गं!"
"ऋतू दिसतेय का?"
"लई लांब हाय. डोकी दिसत्यात नुसती."
"किती?"
"दोन... तीन... चार. थांब, लाट आडवी आली."
आता नुसता वारा. हे बोलत नाहीत. आबा म्हणतात, इचार की गं, पुन्हा इचार.
मी विचारत नाही.