नवव्या रकान्यात ‘नाही’

३ मे

चि. मेहुणेबुवांस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल सकाळी साडेनऊला तुझी ताई बेकरीतच कोसळली. आता ती शुद्धीवर आहे आणि जिवावरचं टळलं आहे, असं वॉर्डच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आज दुपारी मला स्वतः सांगितलं. म्हणून आधी हे लिहिलं, बाकीचं पुढे. घशातली नळी काढली, पण आवाज बसलाय. आठवडाभर बोलायला बंदी. तुझा फोन कालपासून बंद लागतो. कुठल्याशा बावीस मजली इमारतीच्या पोटात लिफ्टला लोंबकळत असशील, असं समजून तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर लिहितोय.

झालं असं. तुझी अस्थिमज्जा तिला दिल्याला आठ महिने झाले. इतके दिवस उकडलेलं, बेचव खाऊन ती पार वैतागली होती. परवा डॉक्टरांनी पथ्य सोडलं आणि काल सातलाच बाई भट्टीपुढे उभ्या. अक्रोडाचे पाव निघाले, तिने तीस वर्षांच्या सवयीने कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला. पाच मिनिटांत ओठ सुजले, मग श्वासाची शिट्टी वाजायला लागली. ती पिठाच्या पोत्यांवर आडवी, आणि मी घास अडकला समजून पाठीवर बुक्के घालतोय.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही अक्रोडाची ॲलर्जी. मी म्हटलं, अहो, ही बाई अक्रोडावरच वाढली आहे. त्यावर त्या म्हणाल्या, ती वाढली असेल. पण आता तिचं रक्त भावाच्या मज्जेत तयार होतं. त्यातल्या काही पेशी जन्मभराचे वैरी लक्षात ठेवतात आणि ते वैर सोबत घेऊन येतात. मला कळावं म्हणून त्यांनी सोपं करून सांगितलं. ताईचा मूळ आजार म्हणजे कुंपणच शेत खात होतं. तिच्या रक्षक पेशी तिच्याच मज्जेवर उठल्या होत्या. ॲलर्जी म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं. समोर असतो साधा अक्रोड, पण पेशी विष आल्यासारख्या फुटतात आणि सगळं अंग सुजतं.

त्यांचा प्रश्न एकच आहे. तुला अक्रोड चालतो का? तुझ्या फॉर्मवर नवव्या रकान्यात, ‘कशाची ॲलर्जी?’ यापुढे तुझ्या अक्षरात ‘नाही’ आहे. लगेच कळव.

जीव लावून आहेसच, उत्तरालाही तेवढाच जीव लाव.
तुझा,
भाऊजी

६ मे

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

पत्र आज मिळालं. फोन बंद पडलाय, म्हणून लिहूनच कळवतो. ताई उठून बसते का, जेवते का, काहीच लिहिलं नाहीत.

मला ॲलर्जीबिलर्जी काही नाही. अक्रोड मला आवडत नाही, एवढंच. तिथे प्रयोगशाळेत कुणाच्या तरी बाटल्या बदलल्या असतील, नीट चौकशी करा. सध्या इथे लिफ्टची तपासणी चालू आहे, मला हलता येणार नाही. ताईला सांगा, मी रोज आठवण काढतो.

तुमच्या मायेत राहू द्यावं.
आपला,
धाकटा

९ मे

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र भाऊजींनी वाचून दाखवलं. ‘आवडत नाही’ ऐकून मला हसू आलं आणि घसा असा चिरला की नर्स धावत आली. अरे, थाप मारावी ती ज्याला खरं माहीत नाही त्याच्याशी.

तू सहा वर्षांचा होतास, मी अकराची. मी शाळा बुडवून तलावावर गेले होते, ते तू पाहिलंस. तुझं तोंड बंद करायला मी डब्यातले मूठभर अक्रोड तुझ्या तोंडात कोंबले आणि तोंड खरोखरच बंद झालं. डोळे सुजून दोन चिरा उरल्या होत्या. मी तुला न्हाणीघरात कोंडलं, थंड पाण्याचा टॉवेल धरून तासभर बसले. डॉक्टरला बोलवायचं सोडून देवाला बोलवत होते. सूज उतरल्यावर तुला माझ्या गळ्याची शपथ घातली, आईला सांगशील तर मी मरेन म्हणून. आई गेली तरी तू ती शपथ पाळतो आहेस. अकरा वर्षांच्या पोरीची शपथ इतकी कुणी पाळतं का रे?

तेव्हा गुन्हेगार मी आहे, हे मी डॉक्टरीणबाईंना लिहून दिलंय.

आता पुढचं बसून वाच. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स एकवीस हजारांवर घसरल्या आहेत. तुझ्या पेशी माझ्या मज्जेत हरत चालल्या आहेत, माझ्या जुन्या पेशी परत डोकं वर काढताहेत. म्हणजे पुन्हा तेच, कुंपण आणि शेत. तुझ्या पेशींची आणखी एक पिशवी लागेल. मावशीच्या दोन्ही मुली मागेच जुळल्या नव्हत्या, दात्यांच्या यादीतही कुणी नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, या महिन्याच्या एकवीसपर्यंत. मज्जेतल्या पेशी रक्तात उतराव्यात म्हणून त्याच्या पाच दिवस आधीपासून तुला सुया टोचाव्या लागतील.

तुझा रक्तगट अंगात आल्यापासून मी घोरते, असं भाऊजी म्हणतात. निदान तेवढ्यासाठी तरी जाब द्यायला ये.

रागावलास तरी चालेल, लांब राहू नकोस.
तुझी,
ताई

१२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शपथ वगैरे काही नाही ताई. शपथ मी केव्हाच विसरलो होतो. ऐक.

फॉर्म भरायला मी रांगेत होतो, तेव्हा माझ्या पुढच्या माणसाला परत पाठवलं. त्याला कधीतरी कावीळ झाली होती आणि ती त्याने लिहिली. त्याची बायको आत होती. तो पायऱ्यांवर बसून कपाळ बडवून घेत होता. माझा नंबर आला. नवव्या रकान्यावर पेन थांबलं. फॉर्म घेणाऱ्या बाईंनी विचारलंही, काही आठवतंय का? मी म्हटलं, नाही. मी परत गेलो असतो तर तुझ्यासाठी दुसरं कोण होतं? मला वाटलं, एक अक्रोड तो काय!

त्या अक्रोडाने तुझा गळा आवळला. लिफ्टमध्ये एक ब्रेक असतो, दोर तुटला की तो रुळाला गच्च धरतो. तो खराब असला तर काही कारण नसताना धरतो आणि माणसं मधेच कोंडून पडतात. असला ब्रेक दिसला की मी काढून फेकतो, दुसरीकडे कधी बसवत नाही. तुझ्यात मात्र मी तोच बसवला, माहीत असून. आता आणखी एक पिशवी भरून तेच देऊ? आणखी काय काय त्यात दडलंय, कुणास ठाऊक. माझं काही तुला चढवू नका. दुसरा कुणीतरी शोधा, हात जोडतो.

मी येणार नाही.

माफीसुद्धा मागत नाही. तुला द्यावी लागेल म्हणून.
धाकटा

१५ मे

धाकट्या,

आशीर्वाद नंतर. हे पत्र भाऊजी हातात घेऊन येतील आणि तू वाचेपर्यंत उभे राहतील. बरोबर तुझं तिकीट आहे, आज रात्रीच्या गाडीचं.

दुसरा कुणीतरी! मी काय भाजी निवडतेय? आज प्लेटलेट्स अकरा हजार आहेत. हिरड्यांतून रक्त येतं, उशीला डाग पडतात. नर्स अभ्रा बदलते आणि बदलताना माझ्याकडे बघत नाही. मला मरायची भीती वाटते रे. ही गोष्ट मी भाऊजींना सांगितलेली नाही, तुला सांगतेय.

आवाज अजून फुटत नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंना मी पाटीवर लिहून विचारलं, त्याने खरं लिहिलं असतं तर त्याला परत पाठवलं असतं का? त्या खुर्चीत मागे टेकल्या. म्हणाल्या, मुळीच नाही, कावीळ वेगळी. आम्ही तुमच्या कागदावर फक्त एक ओळ लिहिली असती, अक्रोड खायचा नाही.

एक ओळ. मी ती पाटी बराच वेळ पुसली नाही.

म्हणजे तुझ्या पेशींनी मला मारलं नाही. त्यांनी मला आठ महिने जगवलं. मारायला निघालं होतं ते आपलं गप्प बसणं, आणि ते तुला मी शिकवलं. आता तू पुन्हा गप्प बसतो आहेस, बावीस मजल्यांच्या आड. ब्रेकचं म्हणशील तर, मधेच कोंडून पडलेला माणूस जिवंत असतो. मला खाली आदळायचं नाहीये. पुन्हा सूज आली तर येऊ दे. मांडीत टोचायचं इंजेक्शन भाऊजींनी दोन दोन आणून ठेवलंय आणि बेकरीतले अक्रोड सगळे वाटून टाकलेत.

मी तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी आहे. मोठ्या बहिणीला पाया पडायला लावू नकोस.

ये.
ताई

२० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर मोठं काढलंय, कारण नर्सबाई हा कागद तुझ्या खोलीच्या काचेला लावून धरणार आहेत. तुला जंतू लागू नयेत म्हणून आत काहीच न्यायचं नाही म्हणाल्या, पत्रसुद्धा नाही.

मी तुझ्या खाली दोन मजल्यांवर आहे. पाचातल्या चार सुया झाल्या. हाडं अशी ठणकतात की सांगता येत नाही. परवा काचेतून तू झोपलेली दिसलीस, तेव्हा हात वर करायचंही सुचलं नाही. तुझे हात एवढे बारीक कधी झाले?

फॉर्म पुन्हा भरला. नवव्या रकान्यात अक्रोड लिहिला, मग जागा पुरेना म्हणून मागच्या बाजूला लिहीत गेलो. धूळ, लोकरी स्वेटर, एका गोळीने आलेलं पित्त, मांजर. नर्सबाईंनी विचारलं, मांजराने काय होतं? मी म्हटलं, भीती वाटते. त्या म्हणाल्या, ती ॲलर्जी नव्हे, पण राहू द्या.

डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. पेशी धरतील की नाही, निम्मी निम्मी आशा आहे. धरल्या तरी अक्रोडाचं वैर कदाचित जन्मभर राहील. न धरल्या तर काय, हे मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. ते इथे लिहीत नाही. भाऊजींना माहीत आहे. ते बाहेरच्या बाकावर बसलेत आणि दर तासाला मला विचारतात, जेवलास का.

उद्या सकाळी आठला माझ्या दोन्ही हातांत सुया लावतील, चार-पाच तास रक्त मशीनमधून फिरेल. दुपारी तीनपर्यंत पिशवी तुझ्याकडे पोचेल. मग रोज रक्त तपासतील, पण पहिले दहा दिवस आकडा खालीच राहील, घाबरायचं नाही असं त्यांनी बजावलंय. चौदाव्या दिवशी, म्हणजे चार जूनला, सकाळच्या रक्ताचा निकाल अकराच्या सुमाराला येतो. कंपनीला कळवलंय, तोवर मी इथून हलत नाही. आकडा काहीही असो, काचेशी येऊन मीच तुला सांगेन.

माझ्यावरची माया तेवढी धरून ठेव.
तुझा,
ठोंब्या