नावेतला तालमीचा धोंडा

।। श्री जोतिबा प्रसन्न ।।
शिवाजी पेठ, कोल्हापूर
७ ऑक्टोबर २००३

सौ. तानावन्सं यांस,
शालूचा सप्रेम नमस्कार वि. वि.

देवाच्या कृपेने आम्ही खुशाल. दसरा झाला. दाजींचा खोकला थांबला का? आलं-गूळ द्या, डॉक्टरकडे पळू नका.

खुशाली संपली. आता तुमच्या दादांचं ऐका. रिटायर झाल्यावर त्यांनी तलावावरची जुनी फायबरची होडी घेतली, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती थांबवायला नांगर लागतो. तर ह्यांनी तालमीतला, वस्तादांच्या वेळचा, पैलवान उचलायचे तो धोंडा जाळीत बांधून नेला. नवख्या गड्याला जो हलत न्हाय तो वाऱ्याला काय हलणार, म्हणतात. आणि वस्तादांचा धोंडा उघड्यावर कसा टाकायचा, म्हणून दर रविवारी तो घरी सोप्यात!

वन्सं, काय सांगू तो वास! शेवाळ, गोगलगायी, कुजलेलं निर्माल्य, जाळीत अडकलेली कुणाच्या तरी केसांची गुंडाळी. परवा मी सोवळ्यात फुलं काढायला निघाले आणि पाय त्या बुळबुळीत पाण्यात. परत डोक्यावरून अंघोळ. वर मलाच सांगतात, मातीची किळस करू नये. अहो, आखाड्याच्या मातीत तेल, ताक, हळद घालतात. हिच्यात काय काय घातलंय ते सांगताना जेवण वर येतं.

घाण मी धुऊन काढीन. पण दिवाळीला गडहिंग्लजहून आमची नात अक्षता येणार, आणि आजोबांनी तिला होडीत न्यायचं कबूल केलंय. मी एकदा बसलेय त्या होडीत. वारा सुटला तशी होडी धोंड्याला तळावरून फरफटत सांडव्याकडे निघाली. वर ओढून घेतला तर तो पायाशी मोकळाच. गडगडत गेला आणि बसायची फळी फोडली. तिथं पोरीचा पाय असता तर? हे हसले. त्या हसण्याची मला चिखलापेक्षा जास्त शिसारी आली.

तुम्ही दर्यावरच्या माणसांत नांदता. तुमचं ऐकतील. माया आहे ती अशीच राहू द्या आणि दोन ओळी लवकर धाडा.

तुमची वहिनी,
शालू


मालवण
१३ ऑक्टोबर २००३

ती. सौ. वहिनीस,
तानाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले, मग सांडव्याचं वाचलं आणि हसू गेलं. खोकला थांबला. खोकल्याच्या मालकांनीच पुढचं सांगितलंय.

दादाला म्हणावं, कुस्तीत नुसतं वजन जिंकतं का रे? हत्तीएवढा गडी तू पकडीवर पाडलास, ते विसरलास? नांगराचंही तेच. धोंड्याला वजन आहे, पकड नाही. तलावाचा तळ चिखलाचा, तिथं रुंद, चपट्या पात्यांचा नांगर लागतो. ओढ लागली की पाती आत शिरतात. त्याच्या मागे थोडी साखळी, मग दोर. पाणी जेवढं खोल त्याच्या पाच-सहापट दोर सोडायचा, म्हणजे ओढ आडवी बसते. आखूड दोरानं नांगर उपटून येतो. दुसरं टोक आधी होडीच्या कडीला बांधायचं. दादा ते म्हशीच्या कासऱ्यासारखं हातात धरून बसेल.

वर घेताना पाण्यातच खळबळून घ्यायचा. मग पुढच्या टोकाला पेटीत ठेवून आवळून बांधायचा, पात्यांवर गोणपाट. दोर बादलीत वेटोळं करून. पोरीच्या पायाशी एकही वळसा नको.

असा एक नांगर एसटीनं धाडलाय. दादा रुसला तर रुसू दे, लहानपणीही तसाच होता. आशीर्वाद असू द्यावा, अक्षताला माझा पापा.

तुमची,
ताना


।। श्री जोतिबा प्रसन्न ।।
कोल्हापूर
३ नोव्हेंबर २००३

सौ. तानावन्सं यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

नांगर पोचला. बघून हे म्हणाले, ह्यो काय उलथनं हाय व्हय? मी तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं. पकडीपाशी आले तसा ह्यांनी नांगर हातात घेतला. मग म्हणाले, लागू दे कुस्ती.

कुठं, तर गोठ्यामागच्या राड्यात! म्हशीचं मूत, शेण, आठवड्याचं खरकटं पाणी. नांगर त्यात टाकला, दोर लांब सोडला आणि बनियनवर ओढायला लागले. ओढतील तसा तो खोल खोल जायला लागला. चिडून हिसका दिला, पाय सटकला आणि पैलवान पाठीवर. मिशीला शेण. अख्खी गल्ली बघत होती. दिवाळीला आलेली अक्षता टाळ्या पिटत ओरडली, आजोबा चितपट! मला हसावं की ओकावं कळेना. ते कपडे मी काठीनं उचलून भिजवले. अजून वास जात नाही.

त्याच दिवशी धोंडा घासूनपुसून तालमीत परत केला. होडीच्या टोकाला पेटी ठोकली. तरी पोरीला एकटी सोडायचं माझं मन घेईना, म्हणून काल मीही बसले. मधोमध गेलो आणि भर दुपारी आभाळ काळं झालं. वारा असा, की होडीचं तोंडच फिरलं. ह्यांनी नांगर सोडला, दोर देत गेले. होडी सांडव्याकडे सरकली, आणखी सरकली, आणि गचकन थांबली. मी पोरीला पोटाशी धरून अंबाबाईचा धावा करत होते. हे एकटक दोराकडे बघत होते. तासाभरानं वारा उतरला.

घरी दारात आल्यावर हे म्हणाले, शालू, धोंडा असता तर पोरगी गेली असती. लग्न झाल्यापासून ह्यांचा आवाज इतका बारीक मी ऐकला नव्हता. डोळे भरलेले.

होडी काठाला ओढताना ह्यांच्या पोटरीपर्यंत तो हिरवा चिखल लडबडलेला होता. म्हटलं, आधी मोरीत जा. आणि मागनं ऊन पाणी घेऊन गेले.

दाजींना नमस्कार. घरची आठवण ठेवा, दिवाळीचं राहिलेलं माहेरपण करायला या.

तुमची वहिनी,
शालू