सुतकातला दिवा

५ ऑगस्ट, मंगळ.
पहाटे इथे जर्मनीत मिरजेहून भावोजींचा फोन. सासूबाई गेल्या. झोपेतच. हे तिकडे उत्तर ध्रुवाजवळ, संशोधनाच्या जहाजावर. भावोजी म्हणाले, "वहिनी, अग्नी मी देतो. दादाला कळवायचं का, ते तुम्ही ठरवा." मी काय ठरवणार! देव्हाऱ्याचं दार लावून घेतलं. दिवा नाही.

६ ऑगस्ट, बुध.
जहाजावर जाणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारून ठेवतात, घरी कुणी गेलं तर लगेच सांगायचं की परतल्यावर. हे जेवताना सहज म्हणाले होते, "मी नको म्हटलंय. तिथून निघता येत नाही. बर्फावर डोकं ठिकाणावर लागतं." तेव्हा आई धडधाकट, मिरजेला वाती वळत बसलेल्या.
गुरुजींना फोन केला. "कळल्यापासून सुतक. न कळलेल्याला दोष नाही."
आणि न कळवणाऱ्याला? विचारायचा धीर झाला नाही.

७ ऑगस्ट
ऋचा रडते आहे. एकच धरून बसलीय, जर्मन भाषेत, की पपांना कळलंच पाहिजे. म्हटलं, यंदा बर्फ वरून पांढरा आणि आतून भुसभुशीत, पपाच लिहितात ना? त्यांच्यातल्या एकाचा पाय मांडीपर्यंत आत गेला. असल्या बर्फावर रडत चालतील का?
"गेनाऊ, बरोब्बर. म्हणून तू खोटं बोलणार." हे मात्र मराठीत.

९ ऑगस्ट, शनि.
उद्या ह्यांचा व्हिडिओ फोन. तोंड दिसलं की पहिलं वाक्य, "देव दाखव." दार बंद दिसलं की ओळखतील. सुतकात देव्हाऱ्याशी कधी गेले नाही मी. आईंनीच शिकवलेलं.

१० ऑगस्ट, रवि.
आंघोळ करून दार उघडलं. देवांना शिवले नाही, नुसती समई लावली. तेल पळीभरच, फोन तेवढाच चालतो.
ह्यांचे ओठ फुटलेत. तिथून हात जोडले. बघवेना. मग आपलं कामाचं, बर्फाखाली सोडतात त्या जाळ्याचं. बर्फाच्या तळाला हिरवं शेवाळ धरायचं, त्यावर बारीक कोळंबीसारखे जीव जगायचे. "यंदा जाळं रिकामं, धुतल्यासारखं वर येतं गं. मागच्या खेपेला तंबू होता तिथे पाणी आहे."
"ऋचा कुठाय?"
"झोपलीय."
फोन ठेवल्यावर वात तेलात ओढली.

१३ ऑगस्ट, बुध.
ह्यांचा मेसेज. उभं राहता येईल असा एकच तुकडा उरलाय, त्यालाही तडा आहे. उद्यापासून त्यावर उतरणार. खाली, "रविवारी आईलाही फोनवर घे. तिला बर्फ दाखवायचाय. पुढच्या वर्षी नसेल."
भावोजी म्हणाले, आई झोपल्यात म्हणून सांगू. मी म्हटलं, आणि त्याच्या पुढच्या रविवारी?
ऋचा दारात उभी. माझ्या हातातल्या फोनकडे बघते.
मेसेज लिहायला घेतला. अजून 'अहो' एवढंच