चौथी मुदतवाढ

लिंबागणेश,
मंगळवार सकाळ

प्रिय दादा,

फोन बंद ठेवला म्हणून माणूस हरवत नाही. तू गेवराईच्या पुढे, गोदावरीच्या अलीकडे कुणाच्या तरी बाजरी काढलेल्या रानात मेंढ्या बसवल्या आहेस, हे गहिनीनाथमामांनी मला बीडच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या सांगितलं. वर म्हणाले, "पोरी, तू येणार म्हणल्यावर त्यो चार दिस आधीच निघाला. कशापायी निघाला ते त्यालाच ठावं." मला ठाऊक आहे. तुला माझ्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. मी एक रात्र आणि अर्धा दिवस बसमध्ये बसून आले, आणि तू माझी वाट न बघता मेंढ्या घेऊन चालता झालास. म्हणून हे पत्र. मामा आज दुपारी तिकडे निघणार आहेत, त्यांच्याकडे देते. त्यांना वाचता येत नाही हे बरंच आहे.

आधी राग लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. तू त्या कागदावर सही का केलीस? "दुपारच्या वेळी पहाऱ्यावर असताना मला झोप लागली. ही माझी वैयक्तिक चूक व निष्काळजीपणा आहे." अक्षर तुझं आहे, दहावीच्या वहीतलं, ओळ सोडून वर चढणारं. वाक्य तुझं नाही. तू उभ्या जन्मात असं बोललेला नाहीस. आणि तू झोपला नव्हतास. तू चक्कर येऊन पडला होतास, तीस तास त्या पत्र्याच्या खोपटात बसल्यावर. ऑक्टोबरच्या उन्हात. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, सलाईन लावणाऱ्या नर्सला माहीत आहे. तरी तू लिहून दिलंस की झोप लागली.

इथं काय चाललंय ते सांगते. पारावर शहादेवकाकांनी आबांना सगळ्यांसमोर विचारलं, "आश्रुबा, मेंढ्या राखता येत न्हाईत म्हणून पोरगं अणू राखाया गेलतं का काय रं?" सगळे हसले. आबा हसले नाहीत, उठूनही आले नाहीत, तसेच बसून राहिले. घरी आल्यावर मी विचारलं, दादाला एकट्याला का पाठवलंत? तर मान खाली घालून दोरी वळता वळता म्हणाले, "एकटा कुठं हाय? दोन कुत्री जास्तीची दिल्यात. ती तर झोपत न्हाईत." दादा, तुला त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला चाललं असतं. माय चुलीपाशी होती. तिनं हे ऐकलं आणि भाकरी थापायची थांबली. मला तेव्हाच कळलं की या घरात तू गेल्यापासून तुझं नाव कुणी घेतलेलं नाही.

आबांना अजून वाटतं की मी त्या अणुवीज केंद्रात वीज तयार करते. गावात सांगतात, "आमची उजी बटण दाबती तवा तुमच्या घरात दिवा लागतो." मी किती वेळा सांगितलं की मी वीज तयार करत नाही, कागद तयार करते. केंद्राच्या सुरक्षेत कोणती सुधारणा कोणत्या तारखेपर्यंत करायची, झाली की नाही, नाही झाली तर का नाही, हे लिहिणाऱ्या कक्षात मी सर्वांत कनिष्ठ. पण मला त्या कामाचा अभिमान होता, दादा. मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली पहिली पदवीधर पोरगी अणुवीज केंद्राच्या राखणीची काळजी वाहते, यात मला काहीतरी बरोबर जुळल्यासारखं वाटायचं. म्हणूनच ठेकेदाराला रक्षक हवेत असं कळलं तेव्हा मी तुला फोन केला. आपल्या माणसाइतकी राखण कुणाला जमते, असं मीच म्हणाले होते. तो फोन मी केला नसता तर.

कुंपणाचा तो एक भाग, कुठल्या बाजूचा ते मी या कागदावरही लिहीत नाही, तुला माहीत आहे. तिथली धोक्याची सूचना देणारी जुनी यंत्रणा निकामी झाली होती आणि नवी बसवायची तारीख ठरली होती. ती तारीख हुकणार हे दिसल्यावर पहिली मुदतवाढ मागितली गेली, सहा महिन्यांची. ती टिपणी मी लिहिली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही. यंत्रं बाहेरून यायची होती, ती खरोखरच अडकली होती. मुदतवाढ नियमात बसते. तोवर पर्यायी व्यवस्था दाखवावी लागते, तीही आम्ही दाखवली, की तिथं चोवीस तास माणूस बसेल, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांत. पत्र्याचं खोपटं आलं, खुर्ची आली, आणि तू आलास. तू मला म्हणालास, "उजे, लई सोपं काम हाय. इथं तर लांडगा बी न्हाई."

दुसऱ्या वेळी निविदा रद्द झाली म्हणून सहा महिने. तीही टिपणी मी लिहिली, जुन्या टिपणीतल्या तारखा बदलून. तिसऱ्या वेळी मात्र मी साहेबांपुढे फाइल ठेवून उभी राहिले. म्हटलं, सर, वर्ष झालं, यंत्रं गोदामात येऊन पडली आहेत, बसवायला माणसं मिळत नाहीत हे कारण मी काय लिहू? साहेब चांगले हसले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेता. मुदत वाढवली म्हणजे काम टाळलं असं नसतं. आणि तिथं माणूस आहे ना? मग?" तिथं माणूस आहे. हे वाक्य त्या कक्षात इतक्या वेळा म्हटलं गेलं की त्या माणसाला भूक लागते, त्याला लघवीला जावं लागतं, हे सगळे विसरून गेले.

मी विसरले नव्हते. मला त्या माणसाचं नाव माहीत होतं. रात्रपाळीचा दुसरा रक्षक सोडून गेलाय, ठेकेदार तुलाच दोन-दोन पाळ्या लावतोय, हे तू सहज बोलता बोलता मला सांगितलं होतंस. आणि तरीही त्या तिसऱ्या टिपणीत मी लिहिलं, "पर्यायी पहाऱ्याची व्यवस्था पुरेशी व परिणामकारक आहे." का लिहिलं? कारण माझं कायम होण्याचं पत्र त्याच महिन्यात यायचं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुझ्यावर ओरडायला बसले आहे तर माझंही सांगितलं पाहिजे.

पण तुझी चूकही ऐक, खरी चूक, कागदावर नसलेली. आपल्याकडे वाघर फाटली, मेंढ्यांभोवतीच्या जाळीला भोक पडलं, की एक जण त्या भोकाशी बसतो. बसलेला माणूस हाक मारत नाही. त्यानं मारायचीच नसते, बाकीच्यांना त्याची आठवण असते. जाळी सांधून तो उठेपर्यंत तळावर कुणी भाकरी मोडत नाही, म्हणून सांधायची घाई पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना असते. तू तिथंही तसाच बसलास. सोमवारी सकाळी सहाला बसलास, दोनला बदलीचा माणूस आला नाही, रात्री दहाला आला नाही, मंगळवारी सकाळी आला नाही, आणि तू एकदाही हाक मारली नाहीस. खोपटातला फोन तुझ्या हाताशी होता. तुला वाटलं, येतील. अरे, ते लोक कशाला येतील? तू उपाशी बसलास म्हणून त्यांचं कॅन्टीन बंद पडलं नव्हतं. हजेरीच्या कागदावर ठेकेदारानं चारही पाळ्यांना तुझं नाव घालून टाकलं, कारण त्याला कळलं होतं की हा माणूस उठत नाही. माझ्या साहेबांनाही कळलं होतं की ही माणसं हाक मारत नाहीत. अठरा महिने त्यांनी आपल्या या चांगुलपणाच्या जिवावर ते भोक तसंच ठेवलं. मला याचा इतका राग येतो की लिहिताना पेन कागदात घुसतंय.

आणि नेमकी त्याच मंगळवारी दुपारी चाचणी ठेवलेली. खोटा घुसखोर, आपलाच माणूस, कुंपणातून आत येतो का बघायचं. तो आला. तू खुर्चीखाली पडला होतास, तो तुला ओलांडून आत गेला आणि आतल्या भिंतीवर चिठ्ठी चिकटवून आला. परत येताना त्यानंच तुझ्या तोंडावर पाणी मारलं म्हणे. खरा कुणी असता तर? हा प्रश्न मी बैठकीत विचारला. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते भोक पाडलं होतं.

आता मला जे कळलंय ते. गेल्या बुधवारी साहेबांनी माझ्यापुढे दोन कामं ठेवली. एक, चौकशीचा निष्कर्ष लिहायचा, की त्रुटी यंत्रणेची नसून रक्षकाच्या वैयक्तिक निष्काळजीपणाची आहे. दोन, त्याच आधारावर चौथी मुदतवाढ मागायची, कारण व्यवस्था तर पुरेशीच होती, माणूस तेवढा चुकला. आधाराला तुझी कबुली जोडलेली. ती वाचून मी साहेबांना विचारलं, हे यानं आपणहून लिहिलं? ते म्हणाले, "समजूतदार आहे तुमचा भाऊ. त्याला फक्त एवढंच सांगितलं की प्रकरण वाढलं तर मागच्या टिपण्या निघतील, आणि त्यांवर सह्या कुणाच्या आहेत ते निघेल. भाऊ त्याच जागी आहे हे तुम्ही कधी लेखी कळवलं नव्हतं, मॅडम." अगदी सौम्यपणे म्हणाले. म्हणजे तू माझ्यासाठी केलंस. माझी नोकरी राहावी म्हणून राखणीवर झोपलेला माणूस झालास. सगळ्या गावात, सगळ्या भावकीत, आबांच्या डोळ्यांत. आणि मला एक शब्द न सांगता मेंढ्या घेऊन निघून गेलास. तुला कुणी विचारलं होतं? मी अशी नोकरी घेऊन कुठल्या तोंडानं हळदी-कुंकवाला घरी येणार होते?

मी निष्कर्ष लिहिला नाही. मुदतवाढीची टिपणीही लिहिली नाही. शनिवारी मी माझं निवेदन वरच्या कार्यालयात देऊन आले, पोच घेतली. त्यात लिहिलंय की तो रक्षक माझा सख्खा भाऊ आहे, हे मी कळवायला हवं होतं, कळवलं नाही. तिन्ही टिपण्या माझ्या आहेत. तिसऱ्या टिपणीतलं 'पुरेशी' हे मी खोटं लिहिलं आहे. हजेरीच्या कोणत्या पानावर चार पाळ्या आहेत आणि प्रथमोपचाराच्या वहीत त्या दुपारी काय लिहिलंय, तेही सांगितलंय. एकही कागद मी बाहेर आणलेला नाही. ते आपलं काम नाही. पण कुठं बघायचं ते त्यांना आता ठाऊक आहे. माझी नोकरी बहुतेक जाईल. काल संध्याकाळी आबांना आणि मायला मी हे सगळं सांगितलं. आबांनी एवढंच विचारलं, "तीस तास?" मी हो म्हटलं. उठून बाहेर गेले, जेवायलाही आले नाहीत.

आता पत्र का लिहिलं ते. गेल्या शुक्रवारी तुझ्या नावाचं पाकीट इथं आलं होतं. मायनं न फोडता ज्वारीच्या कणगीवर ठेवलं होतं, मी काल फोडलं. तुझ्या कबुलीवरून तुझं नाव कायमचं काढून टाकणार आहेत. हरकत असेल तर सात दिवसांत स्वतः हजर राहून लेखी द्यायची. म्हणजे परवाचा दिवस सोडला की शुक्रवार. मी फोन करून विचारलं, माणूस रानात आहे, थोडे दिवस वाढवून मिळतील का? पलीकडचा म्हणाला, "या मुदतीला वाढ नाही." केंद्राला अठरा महिने आणि वर आणखी सहा मागताहेत, तुला सात दिवस. तर ऐक. माझ्यासाठी तू जे केलंस त्याचा उपयोग संपला आहे, मी शनिवारीच तो संपवून आले. आता तुझी कबुली तशीच राहिली तर माझं निवेदन म्हणजे बहिणीनं भावासाठी रचलेली गोष्ट ठरेल, चौथी मुदतवाढ मिळेल, आणि त्या खुर्चीत दुसरा कुणीतरी बसेल. मामा मेंढ्यांपाशी थांबतील, त्यांची गाडी घेऊन तू आजच निघ. उद्या पहाटेच्या बसची दोन तिकिटं मी काढली आहेत. नाही आलास तर शुक्रवारी मी एकटी आत जाईन आणि त्या सगळ्यांसमोर सांगेन की माझा सख्खा भाऊ परमेश्वर खोटारडा आहे, त्यानं सही करून खोटं लिहून दिलंय. ते मला सांगायला लावू नकोस.

तुझ्यावर भयंकर चिडलेली, तरी तुझीच,
उजी