वाडगाभर वाळू

नौपाडा, ठाणे
५ जानेवारी २०२५

चि. त्र्यंबकास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणून विषय मिटवतोस, म्हणून हे पत्र. पत्राला उत्तर द्यावंच लागतं ही सवय वडिलांनी आपल्याला लावली आहे, तिचा मी गैरफायदा घेते आहे.

पहिला विषय माशांचा. साकेत नोकरीसाठी कोचीला गेल्यापासून त्याची खाऱ्या पाण्याची टाकी माझ्या गळ्यात आहे. प्रवाळ बरे आहेत, पण तळाच्या वाळूवर सारखी तपकिरी साय धरते आणि ती नळीने ओढताना माझे गुडघे बोलतात. दुकानातला विकी म्हणतो, वाळू काढूनच टाका मावशी, हल्ली पुष्कळ लोक तळाची काच उघडीच ठेवतात. साकेत म्हणाला, मामाला विचार, त्याच्या टाकीत कित्येक वर्षं वाळूचा कण नाही. तेव्हा निवाडा तू कर. मात्र टाकीत एक पिवळा, बोटाएवढा मासा आहे. दिवा मालवला किंवा दाराची बेल वाजली की वाळूत सूर मारून गडप होतो, तो थेट सकाळी उगवतो. साकेतने त्याचं नाव ‘मामा’ ठेवलं आहे. पाहुणे आले की तू पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जायचास, ते पोराच्या लक्षात राहिलं असावं.

दुसरा विषय तुझा. तुमची इमारत पाडून नवी बांधणार, फेब्रुवारीअखेर घर रिकामं करायचं, आणि तू टिटवाळ्याला एकटा खोली घेऊन राहणार, हे मला साकेतकडून कळावं? त्याची खोली इथे रिकामी आहे. तू इकडेच ये. वर्षानुवर्षं एकटा राहिलास, ते डोंबिवलीत, ओळखीच्या जिन्यावर. नव्या गावात तुझ्या दारावर कोण थाप मारणार, या विचाराने मला झोप लागत नाही.

उत्तराची वाट पाहते. ‘बरं’ हे उत्तर धरलं जाणार नाही.

तुझी,
ताई


डोंबिवली (पूर्व)
१२ जानेवारी २०२५

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आधी पूर्वपक्ष. वाळूत डोळ्यांना न दिसणारे जीव वस्ती करतात आणि पाणी निर्मळ ठेवतात. शंख-किड्यांना घर मिळतं. शिवाय तळ समुद्रासारखा दिसतो, म्हणजे पाहुणे खूश.

आता सिद्धान्त. त्याच वाळूत उष्टं नि विष्ठा अडकते, कुजते, आणि दिसत नाही म्हणून आपण सगळं ठीक आहे असं समजतो. उघड्या काचेवर काहीच लपत नाही. पंप हवा तेवढा जोरात लावावा, वाळू उडायची भीती नाही, आणि घाण एका कोपऱ्यात आपण होऊन गोळा होते. माझी टाकी दवाखान्यासारखी दिसते असं शेजारी म्हणतात. मी ती स्तुती समजतो. तर वाळू काढ. एकदम नको, नाहीतर तळाचा गाळ उसळून प्रवाळ मिटतील. दर खेपेला पाणी बदलताना थोडी थोडी काढ आणि टाकून दे. माशाचं मनावर घेऊ नकोस. प्राणिमात्राला सवय होते.

मलाही होईल. खाट, चार भांडी आणि टाकी एवढ्यात टिटवाळ्याची खोली भरते, आणखी हवं कशाला? सोबत टेम्पोने पुस्तकांची खोकी पाठवली आहेत, ती तिकडच्या वाचनालयाला दे. तुझ्याकडे यायचं म्हणशील, तर मामा आठ दिवस असेतो पाहुणा असतो, पुढे त्याचं फर्निचर होतं. उद्या साकेतचं लग्न ठरेल, तेव्हा मला कुठल्या भिंतीला लावशील?

माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
त्र्यंबक


ठाणे
९ फेब्रुवारी २०२५

चि. त्र्यंबकास अनेक आशीर्वाद.

वाळू पूर्ण निघाली. तळ लखलखीत आहे, नळी दोन मिनिटांत फिरते, गुडघे तुला दुवा देतात. शास्त्र तुझं खरं.

पण मामाचं काही खरं नाही. शेवटची वाळू काढली त्या संध्याकाळी दिवा मालवला, तसा त्याने नेहमीसारखा खाली सूर मारला आणि काचेवर आपटला. पुन्हा वर आला, पुन्हा मारला. मी दिवा लावला, तो थांबला. मालवला, की सुरू. त्याला वाटत असावं, आज जमिनीनेच दार लावून घेतलं आहे. आता त्याचं तोंड सोललं आहे, खाणं सोडलं आहे, आणि संध्याकाळ झाली की पंपाच्या मागच्या फटीत स्वतःला कोंबून घेतो. सवय होईल म्हणाला होतास. रखमाबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, त्याला सवय व्हायच्या आत तो मरंल. साकेत रोज व्हिडिओवर मामा कुठाय विचारतो आणि मी झोपलाय म्हणून सांगते. काय करू, लवकर कळव.

काळजीत असलेली,
ताई


डोंबिवली
१२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

चूक माझी. मी तळाचा विचार केला, माशाचा नाही. वाळूत निजणारा मासा मी कधी पाळलाच नाही, आणि तरी त्याच्या झोपेवर मत देऊन बसलो.

उपाय आहे. तळ उघडाच राहू दे. एक पसरट काचेचा वाडगा घे, स्टीलचा नको, खाऱ्या पाण्यात तो गंजेल. त्यात चार बोटं वाळू भर आणि कडेच्या दगडाआड ठेव. तो सापडेल तेव्हा सापडेल, ढकलू नकोस. सगळ्या टाकीने त्याच्यासाठी बदलायची गरज नाही, आणि त्यानेही टाकीसाठी. एक कोपरा पुरे. जुनी वाळू तू माझं ऐकून टाकली असशील, विकीकडून आण.

तो वाचला तर कळव. न वाचला तरी कळव.

तुझा अपराधी,
त्र्यंबक


ठाणे
१९ फेब्रुवारी २०२५

चि. त्र्यंबकास अनेक आशीर्वाद.

वाळू मी टाकली नव्हती. तांदूळ धुवावेत तशी धुऊन, जुन्या साडीवर गॅलरीत वाळवून डब्यात भरून ठेवली होती. केकसाठी आणलेल्या काचेच्या वाडग्यात ती भरली. दोन संध्याकाळी मामाने तिकडे ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी वाडग्याभोवती फिरला, काठावरून वाकून पाहिलं, आणि गेला आत. फक्त शेपटीचं टोक बाहेर होतं, मग तेही गेलं. मी अंधारात उगीच बसून राहिले. सकाळी वर आला आणि खायला मागू लागला.

आता तुझाच सिद्धान्त तुला लावते. तुझा तळ उघडाच ठेव. तुला कोणी पाहुण्यांसमोर बसवणार नाही, जेवायला तीनदा हाका मारणार नाही. साकेतला विचारलं; तो म्हणाला, लग्न झालं तरी आम्ही कोचीलाच, मामाला फर्निचर व्हायचं असेल तर खिडकीजवळ व्हायला सांग, तिथे उजेड चांगला आहे.

आणि तुझी पुस्तकंही मी वाचनालयात दिलेली नाहीत. साकेतच्या खोलीत फळीवर लावली आहेत, तुझ्या डोंबिवलीच्या कपाटात होती त्याच क्रमाने.

ढकलत नाही. वाडगा ठेवला आहे, एवढंच.

तुझी,
ताई


डोंबिवली
२३ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुझ्या पत्रावर दोन दिवस खंडन शोधलं. मिळालं नाही. ज्या पुस्तकांत मिळालं असतं, ती तुझ्याकडे आहेत.

टिटवाळ्याच्या खोलीला नाही म्हणून कळवलं. गुरुवारी खाट नि भांडी इथेच देऊन टाकून टाकीसकट निघतो. माझ्या टाकीचा तळ उघडाच राहील, त्यावर चर्चा नको. साकेतला सांग, उजेड मी येऊन तपासेन.

लोभ वाडगाभर असावा, चार बोटं खोल. आणि संध्याकाळी दाराची बेल वाजून दोन्ही मामा एकदम दिसेनासे झाले, तर शोधत बसू नकोस. सकाळी वर येतील.

तुझा,
त्र्यंबक